आवाज तुटल्यानंतर

कॉफीचा पेला खिडकीतून बाहेर आला, पण तो धरणारा हात सुटला नाही. ल्यूशियस पेटवेने गाडीतून हात लांब केला होता, बोटांना कागदातली ऊब लागली होती, आणि तरीही पेला दोघांच्या मध्येच अडकून राहिला होता. कॉफीच्या दुकानाच्या खिडकीतली डार्ला रोज काहीतरी बोलत असे: सरोवरावरून वारा सुटलाय, पुलावर गाड्या तुंबल्यात, आज क्रीम संपलंय, माझ्या हसण्यावर भागवा. आज ती कोपरावर रेलून जरा बाहेर वाकली आणि खालच्या आवाजात म्हणाली, "काय हो कोच, काल दातखीळ बसली होती का?"

त्याने हसण्याचा प्रयत्न केला.

"आमचे हे टीव्हीपुढे उभे राहून ओरडत होते, अरे बोल, काहीतरी बोल. मी म्हटलं, अहो, इथनं नाही जायचं त्यांना ऐकू." मग तिने पेला सोडला. मागच्या गाडीने हॉर्न दिला. "जा आता. आणि असं खरचटल्यासारखं तोंड करू नका. अजून पुष्कळ रविवार आहेत."

पुलावर गाडी आल्यानंतरही तो प्रश्न त्याच्या कानात तसाच बसून राहिला. खाली मॉमी नदी शिशासारखी पडली होती. धान्याच्या कोठारांची उंच नळकांडी धुक्यात अर्धी बुडाली होती, आणि काठाला लागलेल्या एका लांबलचक जहाजावर कोणीतरी पिवळ्या कोटातला माणूस दोर गुंडाळत होता. टोलेडोत येऊन त्याला सात महिने झाले होते. या सात महिन्यांत वार्ताहरांनी त्याला बरेच काही विचारले होते, रेडिओवरच्या माणसांनी त्याची थट्टा केली होती, आणि त्यातले काहीही त्याला आतपर्यंत पोचले नव्हते. त्या लोकांचा तो धंदा होता. डार्लाच्या बोलण्यात धंदा नव्हता. तिने फक्त पाहिले होते, आणि जे पाहिले ते विचारले होते. काल शेवटच्या चालीच्या आधी कॅमेरा त्याच्यावर आला तेव्हा त्याचे ओठ मिटलेले होते. कमरेला लावलेल्या यंत्राच्या बटणावर त्याचा अंगठा नव्हता. हे सगळ्या देशाने पाहिले होते. त्याच्या दुसऱ्या हाताने काय केले ते मात्र फक्त एका माणसाला ठाऊक होते, आणि त्या माणसाला भेटायलाच तो आता निघाला होता.

अमेरिकन फुटबॉलच्या या खेळात प्रत्येक चालीच्या आधी एक छोटीशी शांतता असते. दोन्ही बाजूंचे अकरा-अकरा जण समोरासमोर उभे राहतात. बचाव करणाऱ्या अकरांपैकी एकाच्या हेल्मेटमध्ये बारीकसा कर्णा बसवलेला असतो आणि त्या हेल्मेटच्या पाठीवर हिरवा ठिपका असतो. मैदानाबाहेर उभा असलेला बचावाचा प्रशिक्षक बटण दाबतो, त्याचा आवाज त्या एकाच कानात जातो, आणि तो गडी बाकीच्यांना डाव सांगतो. मग घड्याळ ठरलेल्या ठिकाणी आले की आवाज आपोआप तुटतो. त्यानंतर चेंडू हलेपर्यंतचे उरलेले क्षण कोणाचेच नसतात. सगळे प्रशिक्षक या तुटण्याचा राग राग करतात. तुटण्याआधी जितके कोंबता येईल तितके कोंबतात; जणू काही समुद्रावर निघालेल्या पोराच्या पिशवीत आई शेवटच्या क्षणापर्यंत काही ना काही भरत राहावी. मार्च महिन्यात बचावाच्या प्रशिक्षकपदाच्या मुलाखतीच्या वेळी मुख्य प्रशिक्षक वॉरन डीट्रिकने त्याला विचारले होते, "बचावाबद्दल तुझं तत्त्वज्ञान काय?" तेव्हा पेटवे म्हणाला होता, "आवाज तुटायच्या आधीच मी गप्प बसेन. डाव मी देईन. पण मैदानावर जो उभा आहे त्याला समोर काही वेगळं दिसलं, तर तो डाव त्याने बदलायचा. मला विचारायचं नाही."

वॉरनने चष्मा काढून टेबलावर ठेवला होता. "आणि तो चुकला तर?"

"तर तो स्वतःच्या डोळ्यांनी चुकेल."

हे वाक्य पुढे वर्तमानपत्रात आले, तिथून रेडिओवर गेले आणि तिथे त्याचे लवकरच हसे झाले. पण ते त्याने मुलाखतीसाठी तयार केलेले वाक्य नव्हते. ते त्याच्यात पंधरा-सोळा वर्षे पडून होते. तेव्हा तो स्वतः मधल्या फळीतला रक्षक होता आणि हिरवा ठिपका त्याच्या हेल्मेटवर होता. कानात हॅल स्ट्रदर्सचा आवाज असे. स्ट्रदर्सचा आवाज पत्र्यावर खिळा ओढल्यासारखा होता आणि तो झोपेतही ऐकू येई. जानेवारीतला सामना होता, हरणाऱ्याने थेट घरी जायचे असा. श्वासाची वाफ हेल्मेटच्या जाळीवर गोठत होती. स्ट्रदर्सने डाव सांगितला: सगळ्यांनी पुढे तुटून पडा, ते चेंडू घेऊन धावणार आहेत. आवाज तुटला. आणि त्या शांततेत पेटवेची नजर समोरच्या फळीतल्या गार्डच्या जमिनीवर टेकलेल्या हाताकडे गेली. धावायचे असते तेव्हा गार्डचा सगळा भार पुढे येतो आणि बोटांची पेरे पांढरी पडतात. ही बोटे गुलाबी होती. हलकी होती, पियानोवर ठेवल्यासारखी. भार मागे होता. हा मागे सरकणार होता, म्हणजे चेंडू हवेतून फेकला जाणार होता. पेटवेला हे इतके स्वच्छ दिसले की त्याला क्षणभर आसपासचा सगळा आवाज बंद झाल्यासारखे वाटले. त्याचे तोंड उघडले. आणि त्याने सांगितलेलाच डाव ओरडून सांगितला. सगळे पुढे तुटून पडले, आणि चेंडू त्यांच्या डोक्यांवरून एका मोकळ्या माणसाच्या हातात जाऊन पडला.

सामना संपल्यावर स्ट्रदर्स कपडे बदलण्याच्या खोलीत आला होता. पेटवे बाकावर पायांतले बूट न काढता बसला होता. स्ट्रदर्सने त्याच्या मानेवर हात ठेवला आणि म्हणाला, "मान वर कर. तू सांगितलं तेच केलंस. तुझी काही चूक नाही." त्या हाताचा भार त्याला अजून आठवत होता. त्याला त्या क्षणी कोणी शिव्या दिल्या असत्या तर बरे वाटले असते. 'तुझी काही चूक नाही' हे ऐकताना आपण त्या मैदानावर नव्हतोच, असे त्याला वाटले होते. तिथे हॅल स्ट्रदर्सचे दोन पाय होते, दोन हात होते, आणि डोळे मात्र कोणाचेच नव्हते. प्रशिक्षक व्हायचे ठरले ते त्या बाकावर. मग कनिष्ठ, मग सहायक, मग दुसऱ्याच्या हाताखालचा सहायक अशी वर्षे गेली. दर वर्षी गाव बदलले, भाड्याचे घर बदलले, आणि त्या बाकावर ठरलेले त्याने कोणापुढे उच्चारले नाही. उच्चारले ते मार्चमध्ये, पहिल्यांदाच.

मैदानाच्या मागच्या आवारात त्याने गाडी उभी केली, इंजिन बंद केले, पण तो उतरला नाही. कॉफी निवत चालली होती. काल तो स्वतःच्या तत्त्वावर उभा राहिला होता, की नुसताच ताठून बसला होता? रात्रीपासून तो हे निरनिराळ्या बाजूंनी तपासत होता, जसे दुखणाऱ्या दाताला जीभ पुन्हा पुन्हा जाऊन लागते. टोलेडो चार गुणांनी पुढे होते. समोरच्यांना शेवटची एक चाल उरली होती आणि जिंकायची रेषा चार यार्डांवर होती. पेटवेने डाव दिला होता: उजवीकडे गर्दी करा, ते तिथूनच धावतील. आवाज तुटला. आणि मग हिरव्या ठिपक्याचा मधला रक्षक कोय लेडबेटर अचानक वळला, दोन्ही हात हवेत हलवून ओरडला, आणि पुढच्या फळीतले दोघे जण मागे सरकले. कोयने डाव बदलला होता. ज्या माणसाला उन्हाळाभर 'डाव बदल' म्हणून सांगितले, ज्याला आधीच्या प्रशिक्षकाने एकदा डाव बदलला म्हणून तीन सामने बाकावर बसवले होते, आणि जो जुलैच्या उन्हात दर चालीआधी मान वळवून पेटवेकडे बघत राहायचा, त्या कोयने. पेटवेच्या छातीत काहीतरी उसळले. तो आनंद होता हे कबूल करायला त्याला आता लाज वाटत होती. कारण त्याच क्षणी त्याला दिसले होते की कोय चुकतो आहे. समोरच्या धावणाऱ्या गड्याने डोळ्याचे पाते लवते न लवते तोच उजवीकडच्या रिकाम्या झालेल्या फटीकडे पाहिले होते. खेळ थांबवून घ्यायचा एक टाइम-आउट शिल्लक होता. तो मागायचा अधिकार वॉरनचा, आणि वॉरन शेजारीच उभा होता. पेटवेचा डावा हात उचलला गेला, वॉरनच्या दंडाला लागला, आणि मागे आला. पुढच्या क्षणी टोलेडो हरले होते.

का मागे आला? याचे उत्तर शोधू गेले की त्याला उत्तराऐवजी अलाबामातले विटांचे छोटे चर्च दिसे. उन्हाळा, उघड्या खिडक्या, अंत्यविधीच्या दुकानाने फुकट वाटलेले पुठ्ठ्याचे पंखे आणि ते हलवणारे सगळ्यांचे हात. त्याचा बाप तिथे डीकन, म्हणजे चर्चचा मानकरी सेवक, होता. आठवडाभर ओतशाळेत भट्टीपुढे उभा राहणारा हा माणूस रविवारी काळा कोट घालून पुढे उभा राही आणि जुन्या स्तोत्राची एक ओळ देई. तिथे पुस्तके नव्हती. तो ओळ भरभर म्हणे, एका दमात, जवळजवळ बोलल्यासारखी, आणि गप्प होई. मग ती ओळ मंडळी उचलत. हळू, लांबवत, प्रत्येक शब्दाला वळसे घेत, दूरवरून गडगडत आल्यासारखी. बापाचा वाटा फार थोडा असे. गाणे असे ते त्यांचे. ल्यूशियस सोळा वर्षांचा असताना बापाच्या उजव्या अंगावरून वारे गेले. काही महिन्यांनी तो हट्टाने पुन्हा पुढे जाऊन उभा राहिला. त्याने तोंड उघडले आणि शब्द आला नाही. पंखे थांबले. ल्यूशियसला त्या शांततेत उठून पळून जावेसे वाटत होते. बाप मात्र तसाच उभा होता, एका हाताने टेबल धरून, तोंड किंचित उघडे, वाट पाहत. आणि बायकांच्या बाकांवरून म्हाताऱ्या मिस इडेलाने ओळ उचलली; तिच्या चिरक्या, पातळ आवाजात. सगळे चर्च तिच्या मागे उभे राहिले.

घरी येताना गाडी ल्यूशियस चालवत होता. बाप अर्ध्या तोंडाने म्हणाला, "इडेलाने भलत्याच कडव्याची ओळ घेतली."

"मग तुम्ही थांबवलं का नाही?"

"काय थांबवायचं? गाणं चालू होतं."

काल हात मागे आला तो यामुळे, असे त्याला वाटायचे. आणि मग दुसरे वाटायचे: स्तोत्राला समोर कोणी प्रतिस्पर्धी नसतो. भलते कडवे घेतले म्हणून तिथे कोणी हरत नाही. इथे पन्नास हजार माणसे भर वाऱ्यात बसलेली होती आणि त्या हरण्यावर कोणाकोणाची नोकरी टांगलेली होती. बापाची आठवण हा एक चांगला कोट असतो, आपल्या हट्टाला घालायला.

काचेवर टकटक झाली. वॉरन डीट्रिक बाहेर उभा होता. साठीचा, रुंद खांद्यांचा, नाकाचा शेंडा वाऱ्याने लाल झालेला. पेटवेने दार उघडायच्या आधीच तो वळसा घालून शेजारच्या जागेवर येऊन बसला आणि त्याने दार ओढून घेतले. गाडी त्याच्या वजनाने एका बाजूला कलली.

"आत आलास तर दहा जण ऐकतील," वॉरन म्हणाला. "इथे बरं. रात्री झोपलास?"

"तुम्ही?"

"माझी बायको झोपली. तेवढं पुरे." त्याने समोरच्या भिंतीकडे पाहत हात चोळले. "ल्यूशियस, तुझा हात माझ्या दंडाला लागला होता."

"हो."

"मी वळलो तोवर गेला होता. तुला कळलं होतं ना, तो चुकतोय ते?"

"वाटलं होतं."

"वाटलं होतं म्हणे. सव्वीस वर्षं झाली मला या धंद्यात, तुझं वाटणं म्हणजे काय ते मला समजतं." वॉरनच्या आवाजात राग नव्हता; तेच जास्त जड होते. "मी तुला आणलं तेव्हा संघाच्या मालकीणबाई म्हणाल्या, हा मुखदुर्बळ माणूस कशाला? मी म्हटलं, तो बघतो. बोलत नाही, पण बघतो. आणि काल तू बघितलंस आणि हात खिशात घातलास. मी त्यांना काय सांगू?"

पेटवे समोरच्या भिंतीकडे पाहत राहिला. तिथे पाण्याच्या नळातून एक थेंब लोंबत होता.

"आता हीच तुझी खोड," वॉरन म्हणाला. "ऐक. आज सामन्याची फिल्म दाखवशील तेव्हा पोरांना तूच सांग. रविवारपासून बाकावरून जाईल तोच शब्द. कोय बदलणार नाही, कोणीच बदलणार नाही. हे तुझ्या तोंडून यायला हवं. नाही आलं, तर रविवारी बटण माझ्या हातात असेल आणि तू माझ्या शेजारी पाण्याची बाटली धरून उभा राहा. पगार मिळेल. पुढच्या वर्षी कुठेतरी कॉलेजात जागा बघून देईन, तेही देईन. पण सोंग नको."

"आणि कोय?"

"त्याचं काय? त्याची चूक नाही. त्याला सांगितलं होतं तेच त्याने केलं."

ते वाक्य ऐकताच पेटवेच्या मानेवर जुना भार आला. वॉरनला काही ठाऊक नव्हते; तो सहज बोलून गेला होता, हॅल स्ट्रदर्स बोलला होता तसाच, मायेने. वॉरन उतरून गेल्यावर गाडी पुन्हा सरळ झाली. पेटवेने थंड कॉफी एका घोटात संपवली. विचित्र गोष्ट अशी, की आता त्याला रात्रीपासूनची ती तपासणी करावीशी वाटेना. ताठा की तत्त्व, हे ठरायचे तेव्हा ठरेल. ते वाक्य मात्र या इमारतीत तो कोणाला ऐकू देणार नव्हता.

फिल्मची खोली उतरत्या बाकांची होती. खाली पडदा, वर दार. सोमवारी तिथे मलमाचा आणि ओल्या मोज्यांचा वास असे. बचावाचे सगळे गडी आले होते, कोणाच्या गुडघ्यावर बर्फाची पिशवी, कोणाच्या मनगटाला पट्टी. कोय लेडबेटर पहिल्या रांगेत एकटा बसला होता. त्याच्या दोन्ही बाजूंच्या खुर्च्या रिकाम्या होत्या. टेक्सासच्या पाइनच्या जंगलातून आलेल्या या तांबूस केसांच्या पोराने रात्रभर डोळे चोळले असावेत. सोमवारच्या खोलीचा एक रिवाज पेटवेने खेळाडू असल्यापासून पाहिला होता: फिल्म चूक झाल्यावर थांबते. पडद्यावरच्या चुकलेल्या माणसावर प्रकाशाचा लाल ठिपका येऊन बसतो, प्रशिक्षक त्याचे नाव घेतो, आणि बाकीचे अंधारात सुटकेचा श्वास सोडतात. सगळे त्याच क्षणाची वाट पाहत होते. वरचे दार उघडले आणि वॉरन आत येऊन मागच्या भिंतीला टेकून उभा राहिला.

पेटवेने सरळ शेवटची चाल लावली. कोय हात हवेत हलवत होता तिथे चित्र थांबवले. चेंडू अजून हललेला नव्हता. त्याने लाल ठिपका वापरला नाही. दिवे लावायला सांगितले.

"इथे," तो म्हणाला. "इथे कोणाला काय दिसत होतं?"

त्याची नजर कोयवर आली.

"कोय?"

"समोरच्या गार्डची बोटं, कोच." कोयचा आवाज बसला होता. "हलकी होती. मला वाटलं, फेकणार."

बोटे. पेटवेने पडद्याकडे पाहिले. गोठलेल्या चित्रात गार्डचा हात गवतावर टेकलेला होता, आणि बोटे खरोखर गुलाबी होती, पियानोवर ठेवल्यासारखी. पोराने बरोबर पाहिले होते. ज्याचा उच्चार करायला त्या जानेवारीत पेटवेचे स्वतःचे तोंड धजले नव्हते, ते या पोराने हजारो माणसांसमोर ओरडून सांगितले होते. आणि खूण खोटी निघाली. पेटवेने पुन्हा विचारले, "बाकीच्यांना?"

शांतता. खुर्च्यांची करकर. कोणीतरी खोकले. या शांततेला त्याने ओळखले. पंखे थांबले होते. आता काही बोलून तिला भरून काढणे अगदी सोपे होते. वॉरनने त्याच्या हातात वाक्यही दिले होते. पेटवेने टेबलाची कड धरली आणि तो उभा राहिला. वेळ गेला. वर भिंतीशी वॉरनने एका पायावरचा भार दुसऱ्या पायावर घेतला. आणि तसे उभे असतानाच, बाहेरून कोणी सांगितल्यासारखे नव्हे, तर बोट कापल्यावर जरा वेळाने रक्त दिसते तसे, त्याच्या ध्यानात आले की काल हात मागे का आला. तो कोयवर विश्वास ठेवून थांबला नव्हता. तो वाट पाहत होता. दहा जण आणखी होते तिथे. त्यांतला कोणीतरी ओरडेल, नाही कोय, खोटं आहे, याची तो वाट पाहत होता. आणि कोणी ओरडले नाही.

"बोटं खोटी होती," मागून कोणीतरी म्हणाले.

तो ओफा होता. टोंगा बेटांवरचा, संघातला सर्वांत वयस्कर, फळीच्या मधोमध गुडघे दुमडून बसणारा डोंगर. पोरे त्याला काका म्हणत. त्याने बर्फाची पिशवी एका मांडीवरून दुसऱ्या मांडीवर ठेवली. "मी त्याच्या नाकासमोर होतो. बोटं हलकी ठेवली होती लेकाने. पण मागच्या पायाचा चवडा बघा. गवतात रुतलाय. मागे सरकणारा चवडा रुतवत नाही."

सगळ्या माना पडद्याकडे वळल्या. चवडा रुतलेला होता.

"तुम्हाला दिसलं होतं, काका?" कोय खुर्चीत पूर्ण वळला. "मग बोंबलला का नाहीत?"

"तू बोंबलला होतास ना. बोंबलायचं काम तुझं. ठिपका तुझ्या डोक्यावर."

"माझ्यासमोरचा तर हातमोज्याचा पट्टा लावत होता," कडेचा रक्षक क्विन्सी टोलिव्हर म्हणाला, आणि म्हणताच चपापला. "म्हणजे, ज्याच्याकडे चेंडू फेकणार तो पट्टा लावत बसेल का?"

"हे तू आज सांगतोस होय?"

"आज विचारलं."

"अरे बाबा, काल रात्री जेवताना तू दोन तास माझ्या शेजारी बसला होतास."

"तू तोंड पाडून बसला होतास. तुझ्या तोंडाकडे बघून कोणाला पट्ट्याबद्दल बोलायची इच्छा होईल?"

कोणीतरी हसले, मग आणखी दोघे. पण कोय हसला नाही, आणि पेटवेही. सात महिने त्याने काय केले होते ते त्याला आता दिसत होते. बाकावरचा आवाज त्याने बंद केला होता आणि तोच उचलून कोयच्या गळ्यात नेऊन ठेवला होता. बाकीच्या दहांना त्याने पूर्वीसारखेच सोडले होते. दोन पाय, दोन हात. तत्त्व खोटे नव्हते, अर्धवट होते. ओळ एकाने द्यायची, हे त्याने लक्षात ठेवले होते, आणि गाणे सगळ्यांचे असते हे विसरला होता.

"ल्यूशियस," वरून वॉरनचा आवाज आला. खोली गप्प झाली. "तू त्यांना काहीतरी सांगणार होतास."

"हो." पेटवेने टेबलाची कड सोडली. तो बोलू लागला तेव्हा त्याचा आवाज नेहमीसारखाच खालचा होता, आणि मागच्या रांगेतल्यांना पुढे वाकावे लागले. "काल चूक झाली ती माझी. मी एकालाच बोलायला शिकवलं. रविवारी कोयला काही दिसलं, तर तो डाव बदलेल. आणि तुम्हाला दुसरं दिसलं, तर त्याला खोटं पाडायचं. ओरडून. चवडा दिसला तर चवडा म्हणा, पट्टा दिसला तर पट्टा म्हणा. चुकीचं ओरडलात तरी सोमवारी मी इथे त्यावर लाल ठिपका ठेवणार नाही. गप्प बसलात तर ठेवीन." तो थांबला. मग त्याने पहिल्या रांगेकडे पाहिले. "कोय, काल तू चुकलास. तू स्वतः पाहिलंस, आणि तू स्वतः चुकलास. ते तुझ्याकडून कोणी काढून घेणार नाही."

कोयने मान हलवली. त्याच्या चेहऱ्यावरचा ताण कमी झाला नाही. पण त्याची पाठ खुर्चीला टेकली, आणि ती सकाळपासून पहिल्यांदाच टेकली असावी.

वॉरन हळूहळू पायऱ्या उतरून अर्ध्यावर आला. "आणि रविवारी असंच झालं तर?" त्याने विचारले. हा प्रश्न पोरांसमोर विचारायचा नव्हता, हे दोघांनाही समजत होते.

"अजून रविवार यायचाय. बटण तुम्हाला आजच हवं असेल तर यंत्र माझ्या कपाटात आहे. कुलूप नाही."

वॉरनची नजर पडद्यावर गेली, गवतात रुतलेल्या त्या चवड्यावर, आणि तिथे जरा थांबली. "जेवणाआधी माझ्या खोलीत ये," तो म्हणाला. त्याचा अर्थ काहीही होऊ शकत होता. तो वळला, पायऱ्या चढून गेला, आणि जाताना दार त्याने उघडेच ठेवले. बाहेरच्या बोळातला पांढरा उजेड वरच्या बाकांवर पडला.

"कोच," क्विन्सी म्हणाला, "पण दहा जण एकदम ओरडले तर कोयला ऐकू काय येणार?"

पेटवे पहिल्या रांगेतल्या रिकाम्या खुर्चीवर, कोयच्या शेजारी, बसला.

"आधी मी," ओफा म्हणाला. "मी त्यांच्या नाकाशी असतो. मी नाही म्हटलं तर नाही."

"वा, काका. का म्हणून? पट्टा तुम्हाला दिसतो का तिथून?"

"तुझा पट्टा ठेव तुझ्याकडे. चवडा आधी."

"थांबा, थांबा," कोय उठून पडद्यापाशी गेला. त्याची सावली गार्डच्या हातावर पडली. "मी हात वर केला की एवढा वेळ मिळतो. एवढ्यात बोलायचं. दोन शब्द, जास्त नाही. काका, तुम्ही काय ओरडाल? म्हणून दाखवा."

ओफाने म्हणून दाखवले, इतक्या मोठ्याने की बाहेरून जाणारे कोणीतरी थबकून आत डोकावले. क्विन्सी म्हणाला की हे तर म्हशीला हाकारल्यासारखे आहे. दुसऱ्या कोणीतरी त्याहून वाईट ओरडून दाखवले. तिसरा त्याला चूक ठरवायला उठला. पेटवेच्या हातात फिल्मचे यंत्र होते. त्याचा अंगठा कधीतरी बटणावर पडला असावा, कारण चित्र हलू लागले होते. पडद्यावर समोरचा गडी चेंडू छातीशी धरून त्या रिकाम्या फटीतून शिरला, रेषा ओलांडून पलीकडे गेला, त्याच्या अंगावर त्याचे सोबती येऊन पडले. आवाज नव्हता. खोलीतले कोणीही तिकडे पाहत नव्हते.